सोल आणि रिदम अँड ब्लूजच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत नेमके काय ऐकावे?

मंद्र :

नमस्कार. माझे आजवरचे ऐकणे मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत यांच्याभोवती राहिले आहे. अलीकडे मात्र १९५० आणि १९६० च्या दशकांतील अमेरिकन रिदम अँड ब्लूज व सोल हे कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीतप्रकार ऐकू लागलो, आणि रे चार्ल्स, सॅम कुक, ओटिस रेडिंग, अरेथा फ्रँकलिन यांच्या आवाजांनी मनाचा ठाव घेतला. आवाज आवडतात एवढे मला सांगता येते. त्यापुढे या ध्वनिमुद्रणांत काय ऐकायचे, हे अजून उमगलेले नाही. ख्याल ऐकताना राग कसा उलगडत जातो, गायक समेवर कोणत्या वाटेने येतो, तबलजी ठेका कसा धरून ठेवतो, याकडे कान आपोआप वळतात. येथे गाणे अडीच-तीन मिनिटांत संपते, मोजक्या स्वरसंगतींची चौकट फिरत राहते, विस्ताराला वाव नाही असे वाटते, आणि तरीही गाणे संपताच ते परत लावावेसे वाटते. हे कशामुळे होत असावे?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे मूळचे ओटिस रेडिंग यांचे आहे हे कळल्यावर त्यांचे १९६५ चे आणि अरेथा यांचे १९६७ चे ध्वनिमुद्रण मी लागोपाठ ऐकले. शब्द बरेचसे तेच असूनही दोन वेगळी गाणी ऐकल्यासारखे वाटले, आणि हा फरक केवळ आवाजाचा नसावा. दुसरे असे की, एकच गाणे निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळे ऐकू येते. कोठे गायन एका कानात आणि वाद्ये दुसऱ्या कानात, तर कोठे सगळे एकवटलेले आणि अधिक जोरकस. यांतले खरे कोणते मानावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लयशोधक :

मंद्र, माझी पहिली सूचना अशी की, काही दिवस गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. आपण आवाजामुळे या संगीताकडे आलात, म्हणून ही सूचना विचित्र वाटेल. परंतु ही ध्वनिमुद्रणे एकट्या गायकाची नाहीत. एकाच खोलीत रोज एकत्र वाजवणाऱ्या मोजक्या वादकांनी ती घडवली आहेत, आणि गायक त्यांच्या लयीवर उभा राहून गातो. ती लय कानांत मुरली की आवाज का भिडतो, हे निराळे शोधावे लागत नाही.

मेम्फिस शहरातील स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीचे उदाहरण घेऊ. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन हे दोघेही बँकेत नोकरी करणारे. एस्टेल यांनी घर गहाण ठेवून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेतले आणि १९६० मध्ये ईस्ट मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरील कॅपिटल नावाचे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेऊन तेथे त्यांनी स्टुडिओ थाटला. खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच राहिली. प्रेक्षकांसाठी जेथे खाऊ विकला जाई तेथे एस्टेल यांनी तबकड्यांचे दुकान काढले, आणि वस्तीतील मुले कोणती तबकडी पुन्हा मागतात, कोणती ऐकून परत ठेवतात, यावर त्यांचे बारीक लक्ष असे. आत वाजवणारे आणि बाहेर विकत घेणारे यांच्यात एका दाराचे अंतर होते, आणि त्या ध्वनिमुद्रणांतील नेमकेपणा मला तरी त्या दाराशी जोडावासा वाटतो.

१९६५ मध्ये गायक विल्सन पिकेट तेथे ‘इन द मिडनाइट अवर’ ध्वनिमुद्रित करण्यासाठी आले. स्टॅक्सच्या तबकड्या वितरित करणाऱ्या अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांना ठेका हवा तसा मिळेना, तेव्हा ते नियंत्रणकक्षातून बाहेर आले आणि त्या काळी तरुणांत लोकप्रिय असलेले ‘जर्क’ हे नृत्य करून त्यांनी आघात कोठे पडायला हवा ते दाखवले. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा आघात, ही या संगीताची नेहमीची चौकट आहे. ड्रमवादक ॲल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी वेक्सलर यांचे म्हणणे टिपले आणि तो आघात दोघांनी मिळून तिळभर उशिरा वाजवला. लय ढळत नाही, मात्रा चुकत नाही. केवळ आघातापूर्वीची पोकळी किंचित रुंदावते आणि ऐकणाऱ्याचे शरीर त्या पोकळीत झुकते. आपण विचारता की तीन मिनिटांचे गाणे परत का लावावेसे वाटते. माझ्या मते त्याचे निम्मे उत्तर या उशिरात आहे. क्रॉपर यांची गिटार येथे जवळजवळ तालवाद्य झाली आहे. ते सुरावट वाजवून दाखवत नाहीत, स्नेअरच्या बरोबरीने एक कोरडा, तोडलेला आघात देतात आणि थांबतात.

त्यानंतर ओटिस रेडिंग यांचे १९६६ चे ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ घ्यावे. हे गाणे १९३२ चे, नाचाच्या वाद्यवृंदांसाठी रचलेले. स्टॅक्सच्या मंडळींनी त्याची बांधणी मुळापासून बदलली, आणि त्यात आयझॅक हेझ यांचा मोठा वाटा होता. आरंभी केवळ फुंकवाद्ये एकात एक गुंफत येतात, मग ओटिस अत्यंत संथ गाऊ लागतात आणि साथ नाममात्र असते. पुढे ॲल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीने दुप्पट लयीचा बारीक टिकटिकाट सुरू करतात. गायन अजून विलंबितच असते, परंतु त्याच्याखाली एक द्रुत लय चालू झालेली असते, आणि ती केव्हातरी वर येणार हे श्रोत्याला जाणवत राहते. एकेक वाद्य भर घालत जाते, शेवटी पूर्ण ड्रम उघडतो, आणि तोवर ओटिस वाक्ये सोडून तुटक अक्षरांवर आलेले असतात. आपण विस्ताराला वाव नाही असे म्हणता. या एका ध्वनिमुद्रणात विलंबितापासून द्रुतापर्यंतचा सगळा प्रवास चार मिनिटांच्या आत होतो, आणि तो गायकाच्या आधी ड्रमवादक करतो.

स्टॅक्सच्या या घरच्या मंडळींत कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकत्र होते, आणि तेही अशा शहरात जेथे त्यांना एकत्र बसून जेवता येईल अशी ठिकाणे जवळजवळ नव्हती. जी थोडी होती त्यांत लोरेन मोटेल हे एक. पिकेट आणि क्रॉपर यांनी ‘इन द मिडनाइट अवर’ तेथेच रचले, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तीही तेथेच. हे संगीत ऐकताना ही गोष्ट विसरू नये, असे मला वाटते.

मिशिगनवासी :

लयशोधक यांचे विवेचन मला पटते, तरी अशा चर्चांत नेहमी होते ते येथेही होऊ नये म्हणून लिहितो. स्टॅक्स म्हणजे अस्सल आणि डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे संगीत म्हणजे कारखान्यातला गुळगुळीत माल, असा एक समज रूढ आहे. मी गेली अनेक वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात राहतो, वेस्ट ग्रँड बुलव्हार्डवरील २६४८ क्रमांकाच्या मोटाऊनच्या मूळ घरात पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे, आणि हा समज मला अन्यायकारक वाटतो.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी सुरू केली आणि एक साधे राहते घर विकत घेऊन त्याच्या मागील भागात स्टुडिओ केला. ती खोली पाहताना प्रथम तिच्या लहानपणाचे आश्चर्य वाटते. वादक तिला सापांचा खड्डा म्हणत, कारण छतावरून केबलांची वेटोळी लोंबत असत. माळ्याचा उपयोग आवाजाला घुमारा देण्यासाठी केला जाई, आणि त्याला पाडलेल्या भोकाखाली उभे राहून टाळी वाजवली की आजही ओळखीचा प्रतिध्वनी कानी येतो. गॉर्डी काही काळ मोटार कारखान्यात कामाला होते आणि गाणी एका रांगेतून तयार व्हावीत ही कल्पना त्यांनी तेथूनच घेतली, हे खरे आहे. दर आठवड्याला बैठक बसे, नवी ध्वनिमुद्रणे ऐकून मते घेतली जात, आणि मोटारीतील छोट्या स्पीकरवर गाणे कसे वाजेल याची परीक्षा होई. पण त्या रांगेत वाजवणारी माणसे कोण होती? गॉर्डी यांनी डेट्रॉइटच्या क्लबांत रात्री जॅझ वाजवणारे वादक गोळा केले होते. दिवसा ते या खोलीत येत आणि तीन मिनिटांच्या गाण्यात आपली सगळी तयारी ओतत.

लयशोधक ड्रम ऐका म्हणतात. मी म्हणेन, मोटाऊनमध्ये बेस गिटार ऐका. जेम्स जेमर्सन हे मूळचे उभ्या बेसवर जॅझ वाजवणारे. फेंडरची इलेक्ट्रिक बेस हाती घेतल्यावरही ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत, आणि तारा तुटल्याखेरीज बदलत नसत. त्यामुळे त्यांच्या बेसचा नाद बोथट, गोल आणि लाकडी वाटतो. त्यांच्याआधी लोकप्रिय गाण्यांतील बेस बहुधा स्वरसंगतीचा मूळ स्वर धरून चाले. जेमर्सन अधल्यामधल्या अर्ध्या-पाव मात्रांवर स्वर टाकतात, मूळ स्वरापासून दूर जातात, एखादी जागा मुद्दाम रिकामी सोडतात आणि पुढच्या आवर्तनात तीच जागा वेगळ्या रीतीने भरतात. फोर टॉप्स या गायकगटाचे १९६७ चे ‘बर्नाडेट’ लावा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत केवळ बेसच्या मागे जा. एकही आवर्तन जसेच्या तसे परत येत नाही असे वाटत राहील, आणि तरी नाचणाऱ्याचे पाऊल चुकणार नाही. त्याच वर्षीचे स्टीव्ही वंडर यांचे ‘आय वॉज मेड टु लव्ह हर’ हे दुसरे उदाहरण.

‘बर्नाडेट’मध्येच त्या गटाचे मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज यांचाही आवाज नीट ऐकावा. त्यांचा गळा मुळात खालच्या पट्टीचा होता, आणि हॉलंड-डोझियर-हॉलंड या रचनाकारांनी गाणी हेतुतः वर बांधली, जेणेकरून त्या आवाजाला ताण पडावा. गाण्यातली आर्तता अशी पट्टी ठरवतानाच योजलेली आहे. गाणे संपले असे वाटून क्षणभर सगळे थांबते आणि मग स्टब्ज पुन्हा हाक देतात, तेथे आजही माझ्या अंगावर काटा येतो. ज्याला कारखान्यातला माल म्हणायचे असेल त्याने म्हणावे. मला त्यात अतिशय विचारपूर्वक केलेली कारागिरी दिसते. त्या कारागिरीला साधनांचे सोवळेही नव्हते. मार्था अँड द व्हँडेलाज यांच्या ‘नोव्हेअर टु रन’मधला खणखणाट हा बर्फात मोटारीच्या चाकांना बांधायच्या साखळ्यांचा आहे, आणि ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’च्या आरंभी ऐकू येते ते लाकडी फळ्यांवर पाय आपटणे आहे.

अनाहत :

वरील दोन्ही प्रतिसादांतून पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु गायकाकडे दुर्लक्ष करा हा सल्ला मला मान्य नाही. या संगीताचा उगम कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायनात आहे, आणि चर्चमध्ये लय मुळात गायक आणि समुदाय यांच्या देवाणघेवाणीतून उभी राहते. वाद्ये त्या देवाणघेवाणीत मागाहून सामील झाली.

रे चार्ल्स यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये अटलांटा येथील एका रेडिओ केंद्रात ‘आय गॉट अ वूमन’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांनी एका धार्मिक गीताच्या घाटावर लौकिक प्रेमाचे शब्द बसवले. अनेक श्रद्धाळूंना ते पाप वाटले. १९५९ च्या ‘व्हॉट्ड आय से’च्या उत्तरार्धात तर गायक आणि स्त्रियांचा गट एकमेकांना जे प्रतिसाद देतात ते उपासनेतील हाक आणि उत्तर यांचेच रूप आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात, हे आपल्याला परिचित आहे. येथे मात्र उत्तर हाकेची वाट पाहत नाही. ते तिच्यावर चढते, तिला डिवचते, कधी पुढे निघून जाते, आणि मुख्य गायकाला त्याला तोंड देण्यासाठी आणखी वर जावे लागते. स्टॅक्समध्ये साथगायक फारसे नसत, म्हणून हेच काम ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन करतात. ओटिस तर वादकांना त्यांचे तुकडे गाऊन दाखवत असत.

आता ‘रिस्पेक्ट’विषयी. अरेथा यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे विख्यात प्रवचनकार. अरेथा लहानपणापासून तेथे गात आणि पियानो वाजवत. १९६० मध्ये कोलंबिया कंपनीने त्यांना करारबद्ध केले, त्यांच्याकडून सुरेल, सजवलेली गाणी गाऊन घेतली, आणि ती काही वाईट नाहीत. परंतु आवाज आणि साथ यांचे तेथे एकमेकांशी बोलणे होत नाही. २४ जानेवारी १९६७ रोजी, अटलांटिककडे आल्यानंतर, अलाबामातील मसल शोल्स येथल्या फेम स्टुडिओत त्यांना पियानोवर बसवले गेले. स्पूनर ओल्डहॅम यांनी इलेक्ट्रिक पियानोवर एक आळसावलेली, लंगडत चालणारी सुरावट शोधली आणि ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ काही तासांत उभे राहिले. त्याच दिवशी भांडण होऊन ते सत्र मोडले, हा इतिहास अनेकांना माहीत असेल. पुढे त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून काम पूर्ण केले गेले.

‘रिस्पेक्ट’ १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. ओटिस यांच्या गाण्यात दिवसभर राबून घरी येणारा पुरुष मान मागतो, आणि गाणे फुंकवाद्यांच्या बळावर सरळ धावते. अरेथा यांनी बोलणारी व्यक्ती बदलली. आता मागणारी स्त्री आहे आणि ती विनवणी करीत नाही. त्यांनी साथीला आपल्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांना घेतले. त्यांची उत्तरे गाण्याला चर्चची घडण देतात. शब्दाची अक्षरे सुटी सुटी उच्चारण्याचा तो प्रसिद्ध थांबा ओटिस यांच्याकडे नाही. मधला सॅक्सोफोनचा भागही त्यांच्याकडे नाही. तेथे किंग कर्टिस वाजवू लागतात तेव्हा गाणे एकदम दूरच्या स्वरसंगतींत जाते, कारण त्या स्वरसंगती सॅम अँड डेव्ह यांच्या एका अगदी वेगळ्या, संथ गाण्यातून आणलेल्या आहेत. म्हणजे आपली शंका खरी आहे. बोलणारी व्यक्ती, रचना आणि उत्तर देणारे आवाज, या तिन्ही गोष्टी बदललेल्या आहेत. आणि या सगळ्याच्या मध्यभागी अरेथा यांचा पियानो आहे. गायिका स्वतः साथ करीत असल्यामुळे कोठे श्वास घ्यायचा आणि कोठे ढकलायचे, याचा निर्णय एकाच देहात होतो. माझ्या दृष्टीने हेच या ध्वनिमुद्रणाचे मर्म आहे.

सॅम कुक यांची दोन प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणे आपण शेजारी ठेवून ऐकावीत, असेही सुचवतो. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबातील १९६४ चे ध्वनिमुद्रण सभ्य, आटोपशीर आणि गोऱ्या श्रोत्यांसाठी बेतलेले आहे. मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात जानेवारी १९६३ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण मात्र कंपनीने वीस वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवले आणि ते १९८५ मध्ये बाहेर आले. तेथे आवाजाला जाणीवपूर्वक खरखर आणलेली आहे, श्रोते प्रत्येक ओळीला उत्तर देतात, आणि मधाळ गायक म्हणून ज्यांची ख्याती होती ते कुक उपासनेचे नेतृत्व करीत आहेत असे वाटते.

मंद्र :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ सांगितल्याप्रमाणे ऐकले. कडेवरचा तो टिकटिकाट एकदा कानांत बसल्यावर आधी हे ऐकूच कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. ‘बर्नाडेट’मध्ये बेस वेगळी काढणे मला अजून जमत नाही, फोनच्या स्पीकरवर तर ती नाहीशीच होते. आवृत्त्यांविषयीचा माझा प्रश्न राहिला आहे. तसेच एवढे मोठे योगदान देणाऱ्या वादकांची नावे त्या काळी तबकड्यांवर छापली जात होती का, हेही कृपया सांगावे.

रेकॉर्डप्रेमी :

आवृत्त्यांविषयी लिहितो. साधारण १९६७-६८ पर्यंत ही गाणी प्रामुख्याने ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीसाठी आणि रेडिओसाठी केली जात, आणि दोन्ही ठिकाणी ध्वनी एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो असे. निर्मात्यांनी जीव ओतला तो मोनो मिश्रणात (मिक्समध्ये). मोठ्या तबकड्यांसाठी स्टिरिओ मिश्रण अनेकदा मागाहून, घाईने केले गेले. आपल्याला गायन एका कानात आणि वाद्ये दुसऱ्या कानात ऐकू येतात ती बहुधा अशी मिश्रणे. मोटाऊनच्या बाबतीत तर मी मोनोच ऐकावे असे आग्रहाने सांगेन. बेस, ड्रम आणि खंजिरी यांचा जो एकजीव धक्का बसतो तो स्टिरिओत सुटा होऊन विरतो. जेमर्सन ऐकण्यासाठी मात्र चांगले हेडफोन हवेत, त्याला इलाज नाही.

स्टॅक्समध्ये १९६५ पर्यंत मुळात एकाच मार्गिकेवर (ट्रॅकवर) ध्वनिमुद्रण होई. सगळे एकत्र वाजवत, त्याच वेळी समतोल साधला जाई, आणि एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. त्या वर्षी अटलांटिकचे अभियंता टॉम डाउड यांनी तेथे दोन मार्गिकांचे यंत्र बसवले. याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ओटिस रेडिंग यांचे ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ आधी मोनोत निघाले होते, आणि ‘ओटिस ब्लू’ या अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीसाठी ते पुन्हा गायले गेले. तेथे आपण मिश्रणाची तुलना करीत नसून दोन वेगळ्या गायनांची तुलना करीत असतो. सॅम कुक यांच्या ‘अ चेंज इज गॉना कम’मधून छोट्या तबकडीसाठी एक कडवे वगळले गेले, आणि ते नेमके वर्णभेदाचा थेट अनुभव सांगणारे कडवे होते, म्हणून ते गाणे अल्बमवरच्या रूपातच ऐकावे. जेम्स ब्राउन यांच्या १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ची फीत तर प्रकाशनापूर्वी वेग वाढवून घेतली होती. मूळ संथ आणि लांब रूप १९९१ च्या ‘स्टार टाइम’ या संचात मिळते, आणि ते ऐकल्यावर वेग वाढवण्याचा निर्णय किती योग्य होता हे कळते.

एक सावधगिरी बाळगावी. अनेक गायकांनी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी आपलीच गाजलेली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि स्वस्त संग्रहांत तीच भरलेली असतात. मुखपृष्ठ जुने, नाव तेच, पण वादक निराळे आणि काळ निराळा असतो. कंपनी आणि वर्ष पाहिल्याशिवाय ऐकू नये. स्टॅक्ससाठी १९९१ मध्ये निघालेला, १९५९ ते १९६८ या काळातील सर्व एकेरी गाण्यांचा नऊ तबकड्यांचा संच सर्वांत विश्वासार्ह आहे. त्यात सामान्य गाणीही आहेत, आणि तीही ऐकावीत, कारण घरची मंडळी एखाद्या दुबळ्या गाण्याला कशी उचलून धरतात हे त्यांतच दिसते.

मिशिगनवासी :

नावांच्या प्रश्नाचे उत्तर क्लेशदायक आहे. मोटाऊनने आपल्या वादकांची नावे वर्षानुवर्षे छापली नाहीत. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती ठळकपणे आली, तोपर्यंत जगभर ऐकल्या गेलेल्या कित्येक गाण्यांतील बेस कोणाची हे श्रोत्यांना माहीत नव्हते. १९७२ मध्ये कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटची ती मंडळी विखुरली. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. त्यांचा मोठा सन्मान झाला तो त्यानंतर. गाण्यांवरील प्रेमापोटी कंपनीचा हा व्यवहार झाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लयशोधक :

स्टॅक्समध्ये बुकर टी. अँड द एमजीज या घरच्या वादकगटाला स्वतःच्या नावाने तबकड्या काढता आल्या, ‘ग्रीन अनियन्स’ १९६२ मध्येच गाजले, म्हणून तेथील वादक तुलनेने परिचित राहिले. पण त्या कंपनीवर दुसरा घाला पडला. १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात ओटिस रेडिंग आणि त्यांच्यासोबतच्या बार-केज या वाद्यवृंदातील बहुतेक तरुण गेले. अटलांटिक कंपनी विकली गेल्यानंतर, पुढच्या वर्षी जिम स्टुअर्ट यांना कळले की, वितरणाच्या करारातील एका कलमामुळे तोवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे आहे. ज्या फिती या चित्रपटगृहात घडल्या त्याच हातच्या गेल्या. त्यातूनही मंडळी पुन्हा उभी राहिली, आयझॅक हेझ यांनी १९६९ मध्ये दीर्घ, विलंबित सोलचा नवा मार्ग काढला, परंतु १९७५ च्या अखेरीस दिवाळे निघाले. इमारत १९८९ मध्ये पाडली गेली, आणि आता त्याच जागी २००३ पासून संग्रहालय आहे.

मंद्र, यानंतर काय ऐकावे असे आपण विचाराल म्हणून लिहितो: मेम्फिसमधील हाय या कंपनीची १९७१-७३ ची ॲल ग्रीन यांची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. निर्माते विली मिचेल यांनी ग्रीन यांना जोर काढून टाकून हळू गायला लावले, आणि ‘लेट्स स्टे टुगेदर’ मिचेल, ग्रीन आणि ॲल जॅक्सन या तिघांनी मिळून रचले. टीनी, लेरॉय आणि चार्ल्स हे हॉजेस बंधू गिटार, बेस आणि ऑर्गनवर आहेत. ॲल जॅक्सन आणि हॉवर्ड ग्राइम्स यांच्यापैकी कोण कोणत्या गाण्यात वाजवत आहे, हे छापील माहिती न पाहता ओळखण्याचा प्रयत्न करावा. ग्राइम्स यांचा हात थोडा जड आहे. येथे अनाहत यांचे म्हणणे मला निःशंक मान्य आहे, गायकाकडे दुर्लक्ष करता येत नाही.